कॅमेरो आसा, रेकॉर्डिंग खंय?

आमच्या वायरी गावातल्या घराच्या पडवीतून आजीच्या काळातला तांब्याचा बंब गेला. गणपती झाल्यावर लावलेलं कुलूप शिमग्याला उघडलं, तेव्हा ते कळलं. चार कॅमेरे होते आणि चारही चालू होते. माजघरातल्या डीव्हीआरचा, म्हणजे चित्रण साठवणाऱ्या पेटीचा, हिरवा दिवा लुकलुकत होता. टीव्ही जोडून बघितला तर खळं, विहीर, मागचं दार, सगळं स्वच्छ दिसत होतं. मागचं चित्रण काढायला गेलो आणि हात टेकले. एका दिवसाचंसुद्धा रेकॉर्डिंग नव्हतं. हार्ड डिस्क केव्हाच मेली होती. ती मेल्यावर डीव्हीआर बीप-बीप करून सांगतो, पण तो आवाज ‘कटकट नको’ म्हणून बसवणाऱ्याने पहिल्याच दिवशी मेनूत जाऊन बंद करून ठेवला होता. शेजारचे काका येऊन बघून गेले आणि जाताना एवढंच म्हणाले, “कॅमेरो आसा, पण रेकॉर्डिंग खंय?”

तेव्हापासून मालवण, देवबाग, आचरा, कट्टा भागात ओळखीच्या कुणाकडे गेलो की मी त्यांचा डीव्हीआर उघडायला लावतो. स्क्रीनवरचं चालू चित्र बघत नाही. ‘गेल्या मंगळवारची पहाटे तीनची चित्रं दाखवा’ म्हणतो. ती निघाली तर यंत्र ठीक आहे. नाही निघाली तर घरात फक्त दिवे आहेत, राखण नाही. चालू चित्र आणि रेकॉर्डिंग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कॅमेऱ्याचं चित्र डीव्हीआरमधून थेट टीव्हीवर जातं, त्याला हार्ड डिस्क लागतच नाही. म्हणून डिस्क मेली तरी पडदा जिवंत दिसतो आणि माणूस निर्धास्त राहतो. या लेखातलं बाकी काही लक्षात राहिलं नाही तरी ही मंगळवारची परीक्षा लक्षात ठेवा.

चोरी झाली तर कळणार कधी?

डीव्हीआर घ्यायला गेलात की दुकानदार विचारतो, किती कॅमेरे? माझ्या मते त्याआधी स्वतःला एक प्रश्न विचारावा: चोरी झालीच, तर ती मला किती दिवसांनी कळेल? बाजारपेठेतल्या दुकानदाराला ती दुसऱ्या सकाळी शटर उघडताना कळते. तारकर्लीच्या होमस्टेवाल्याला फार तर दोन-तीन दिवसांत. हापूसच्या बागेत रात्री आंबे उतरले तर राखणदाराला पहाटे. पण परळला किंवा डोंबिवलीला राहणाऱ्या चाकरमान्याच्या बंद घरात काही झालं, तर ते मे महिन्यात किंवा गणपतीतच उघडकीला येणार. या चौघांना एकच डिस्क आणि एकच सेटिंग कसं चालेल?

हिशेब सोपा आहे. सेकंदाला १ मेगाबिट या बिटरेटने एक कॅमेरा चोवीस तास लिहीत राहिला, तर दिवसाला १०.८ जीबी जागा खातो. २ मेगापिक्सेलचा कॅमेरा एच.२६५ पद्धतीत साधारण २ मेगाबिटवर बरं चित्र देतो, म्हणजे दिवसाला २१.६ जीबी. असे चार कॅमेरे ८६.४ जीबी घेतात. १ टीबीची डिस्क साडेअकरा दिवसांत भरते, आणि मग डीव्हीआर सगळ्यात जुनं पुसून त्यावर नवं लिहायला लागतो. आठ कॅमेऱ्यांना २ टीबी घेतली तरी तेच साडेअकरा दिवस. जुन्या एच.२६४ पद्धतीत तेवढ्याच दर्जाला जवळजवळ दुप्पट बिटरेट लागतो, म्हणजे दिवस निम्म्यावर येतात. बिटरेट मेनूत ‘एन्कोड’ किंवा ‘व्हिडिओ’ या भागात दिसतो. तो बघून स्वतः गुणाकार करा, दुकानदाराच्या ‘महिनाभर राहतं साहेब’वर जाऊ नका.

पोलीस ठाण्यांतल्या कॅमेऱ्यांचं चित्रण १८ महिने, आणि ते जमत नसेल तर निदान वर्षभर तरी टिकलं पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयाने परमवीर सिंह सैनी खटल्यात २ डिसेंबर २०२० रोजी सांगितलं. आपल्या घराला एवढं नको. दुकानाला पंधरा दिवस पुरतात, होमस्टेला महिना असावा. प्रश्न उरतो तो बंद घराचा. तिथे चोवीस तास लिहून सहा महिने टिकवायचं तर डिस्कचाच खर्च भारी पडतो. तिथे ‘मोशन’ म्हणजे हालचाल झाली तरच लिहिण्याचं सेटिंग करावं, आणि हालचालीची सूचना फोनवर यावी.

पण साधं मोशन आपल्या भागात फसतं. वाऱ्यावर माडाच्या झावळ्या हलतात, पावसाची धार पडते, आणि रात्री कॅमेऱ्यासमोर किडे जमतात. किड्यांमागे कोळी येतो आणि काचेसमोरच जाळं विणतो. त्या जाळ्याचा एक धागा हलला की डीव्हीआर लिहायला लागतो, फोनवर रात्रभर सूचना येतात, आणि चार दिवसांत वैतागून माणूस सूचनाच बंद करतो. म्हणून माणूस आणि वाहन ओळखणारा डीव्हीआर घ्या. आज बऱ्याच साध्या मॉडेलांतही ही सोय असते. मोशनचं क्षेत्र आखताना माड आणि आकाश वगळा. आणि येत्या-जात्या कुणाला महिन्यातून एकदा केरसुणीने जाळं काढायला सांगा.

पेटीवरचं वाचताना

डीव्हीआरला कोअॅक्सियल वायरीचे कॅमेरे लागतात, एनव्हीआरला नेटवर्क वायरीचे आयपी कॅमेरे. जुनी वायर चांगल्या तांब्याची आणि शाबूत असेल तर ती उपटू नका. तिच्यावरच नवा एचडी डीव्हीआर बसतो, आणि ‘हायब्रिड’ किंवा ‘एक्सव्हीआर’ घेतलात तर पुढे एखाद-दुसरा आयपी कॅमेराही जोडता येतो. नवं घर बांधत असाल तर पीओई एनव्हीआर बरा, कारण एकाच वायरीतून वीज आणि चित्र दोन्ही जातं आणि सांधे कमी होतात. सांधा म्हणजे गंजाला जागा. मात्र नेटवर्क वायरीची मर्यादा १०० मीटर. वाडीच्या बेड्यापासून, म्हणजे फाटकापासून, घर दोनशे मीटर आत असेल तर मध्ये फायबर टाका. फायबरमधून वीज वाहत नाही, त्यामुळे विजेचा लोळ बेड्याजवळच्या कॅमेऱ्यावर पडला तरी घरातला एनव्हीआर वाचतो.

वायफाय कॅमेऱ्यांचा मोह अनेकांना पडतो. सिमेंटच्या फ्लॅटमध्ये ते चालतही असतील. आपल्या चिऱ्याच्या जाड भिंतीपलीकडे सिग्नल जेमतेम पोचतो, आणि पावसात चिरा पाणी प्याला की तोही जातो. माजघरातला राउटर आणि मागच्या दाराचा कॅमेरा यांच्यामध्ये अशा दोन भिंती असतील तर वायरच ओढा.

खरेदीत सगळ्यात जास्त फसवणूक होते ती ‘१०८० एन’ या शब्दात. पूर्ण १०८० पीचं चित्र आडवं १९२० ठिपक्यांचं असतं. ‘एन’वालं साधारण ९६०चं, म्हणजे आडव्या बाजूने निम्मं. डीव्हीआर ते ताणून पडद्यावर भरतो, म्हणून दुकानात फरक दिसत नाही. फरक दिसतो तो मोटारसायकलची नंबरप्लेट वाचायची वेळ येते तेव्हा. ‘लाइट’ लिहिलेल्या ५ मेगापिक्सेलचंही असंच असतं, आणि त्यात सेकंदाला चित्रंही कमी निघतात. कॅमेरा भारी आणि डीव्हीआर ‘एन’ असेल तर कॅमेऱ्याचे पैसे पाण्यात. पूर्ण रिझोल्यूशनला सेकंदाला किती चित्रं ‘रेकॉर्ड’ होतात, हा आकडा माहितीपत्रकात शोधा. लाइव्हचा आकडा वेगळा असतो.

पाच कॅमेरे लावायचे असतील तर आठ चॅनेलचा घ्या. वर्षाच्या आत सहावा लागतोच. डिस्क मात्र पाळत ठेवण्याच्या कामासाठी बनवलेलीच हवी, उदाहरणार्थ डब्ल्यूडी पर्पल किंवा सीगेट स्कायहॉक. संगणकाची साधी डिस्क दिवसातून काही तास काम करेल या हिशेबाने केलेली असते, आणि इथे तिला अहोरात्र लिहायचं असतं. शिवाय जुन्या डिस्का पुसूनपासून नव्या म्हणून विकल्या जातात. डिस्कवरचा सिरियल नंबर कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून वॉरंटी किती उरली ते दुकानातच, पैसे देण्याआधी बघा. रेकॉर्डरवर बीआयएसचा ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो, तो ‘बीआयएस केअर’ अॅपवर तपासता येतो. एप्रिल २०२५पासून सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना सरकारने सायबर सुरक्षेच्या चाचण्याही सक्तीच्या केल्या आहेत. तेव्हा ‘जुना स्टॉक आहे, स्वस्तात देतो’ म्हणणाऱ्याकडून घेताना विचार करा.

मीठ

पुण्याला दहा वर्षं चालणारा डीव्हीआर देवबागला तीन-चार वर्षांत का बसतो, तर हवेतल्या मिठामुळे. खारी हवा तांब्यावर हिरवा थर चढवते, लोखंडाला खाते आणि अॅल्युमिनियमची पांढरी भुकटी करते. बाजारात स्वस्त मिळणारी वायर बहुधा वरून तांब्याचा मुलामा आणि आत अॅल्युमिनियम, अशी असते. ब्लेडने तार खरवडून बघा. आत चांदीसारखी चमकली तर ती घेऊ नका. चुंबकाला चिकटली तर आत लोखंड आहे, तीही नको. थ्री प्लस वन केबल शुद्ध तांब्याचीच मागा. दर जास्त पडतो, पण पावसाळ्यानंतर परत शिडी लावावी लागत नाही.

प्रत्येक कॅमेऱ्यामागे जोड लोंबकळत ठेवू नका, बंद जंक्शन बॉक्समध्ये घाला. वायर बॉक्समध्ये शिरण्याआधी तिला खाली एक झोळ द्या, म्हणजे पाणी वायरीवरून ओघळत आत न जाता झोळाच्या तळाशी टपकतं. इतकी साधी गोष्ट, पण निम्म्या घरांत ती केलेली नसते. बीएनसी जोडावर ताणल्यावर स्वतःशीच चिकटून एकजीव होणारी रबरी टेप गुंडाळा. साधी इलेक्ट्रिकची टेप मे महिन्याच्या उन्हात सुटते.

डीव्हीआर ठेवायचा कुठे? समुद्राकडच्या खिडकीजवळ नको. स्वयंपाकघराच्या भिंतीला नको. देवघराखालच्या फडताळात तर नकोच, कारण उदबत्तीचा आणि समईचा धूर आत जाऊन चिकट थर बसतो आणि त्यावर मीठ धरतं. माळ्यावर ठेवतात, तिथे कौलांखाली उन्हाळ्यात भट्टी आणि पावसात गळती, शिवाय उंदीर. उत्तम जागा म्हणजे माजघर किंवा आतली खोली, जमिनीपासून चार-पाच फूट वर, भिंतीवर, जाळीचा लोखंडी डबा करून त्याला कुलूप. देवबागसारख्या खाडी आणि समुद्राच्या मधल्या पट्टीवर तर उंची महत्त्वाचीच. कुलूपही तितकंच महत्त्वाचं. सराईत चोर आता आधी डीव्हीआरच उचलतो. समोरच्या टेबलावर ठेवलेला डीव्हीआर म्हणजे चोराने केलेल्या कामाचा पुरावा त्याच्याच हातात देणं आहे.

काही घरांत डीव्हीआर प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवलेला बघितला. हेतू चांगला, पण त्याने आतली उष्णता कोंडते आणि डिस्क लवकर मरते. त्यापेक्षा वर्षातून दोनदा, मृगाआधी आणि दिवाळीला, वीज काढून झाकण उघडा. मऊ ब्रशने धूळ झाडा, जोडांवर आयसोप्रोपिल अल्कोहोल किंवा कॉन्टॅक्ट क्लीनर लावा. मुंग्यांना या पेटीची ऊब फार आवडते, अंडी घातलेली असतील तर तेव्हाच दिसतात. मात्र वॉरंटी चालू असेल तर सील तोडू नका, बसवणाऱ्याला बोलवा. न वापरलेल्या बीएनसी सॉकेटना प्लास्टिकच्या टोप्या लावा.

वीज

१६ मे २०२१ला तौक्ते चक्रीवादळ आपल्या किनाऱ्याजवळून गेलं, तेव्हा मालवण-देवगडच्या कितीतरी वाड्या दिवसच्या दिवस अंधारात होत्या. तेवढी तयारी कुठलाच यूपीएस करू शकत नाही. पण रोजच्या चार-सहा तासांच्या खंडाची तयारी करता येते. आठ कॅमेरे, डीव्हीआर आणि राउटर मिळून साधारण ६० वॅट लागतात. संगणकाच्या छोट्या यूपीएसवर हे पाऊण तासही निघत नाही. घरात १५० अँपिअर-तासाची इन्व्हर्टर बॅटरी असेल तर चांगल्या अवस्थेत पंधरा-सोळा तास निघतात, अर्थात त्यावर पंखे नसतील तर. इलेक्ट्रिशियनला सांगून डीव्हीआर, कॅमेऱ्यांना वीज देणारा एसएमपीएस आणि राउटर इन्व्हर्टरच्या लाइनवर घ्या. तिघेही. कित्येक घरांत डीव्हीआर इन्व्हर्टरवर असतो आणि कॅमेरे नसतात. वीज गेली की तो काळी चित्रं इमानाने लिहून ठेवतो.

वैशाखात आणि पाऊस परतताना ऑक्टोबरमध्ये गडगडाट सुरू झाला की आपण टीव्हीची पिन काढतो. डीव्हीआरची पिन काढली तरी अंगणातल्या कॅमेऱ्यांच्या वायरी आणि इंटरनेटची तांब्याची वायर त्याला जोडलेल्याच असतात, आणि लोळ तिकडूनच आत येतो. सर्ज प्रोटेक्टर लावा आणि अर्थिंग करून घ्या. कोकणातल्या कातळात आणि किनाऱ्याच्या कोरड्या वाळूत अर्थिंग उन्हाळ्यात निकामी होतं, म्हणून मार्चनंतर खड्ड्यात आठवड्याला घागरभर पाणी ओतत जा.

बिघडला, आता काय?

माणूस बोलवण्याआधी दहा मिनिटं स्वतः द्या. यातले बरेच बिघाड घरातल्या कुणालाही ओळखता येतात.

डीव्हीआर पुन्हापुन्हा आपणच बंद होऊन सुरू होत असेल, तर पहिला संशय अॅडॅप्टरवर. अॅडॅप्टर म्हातारा झाला की नुसता मोजला तर १२ व्होल्ट दाखवतो, पण हार्ड डिस्क फिरायला लागताना एकदम जास्त करंट ओढते आणि त्याचा दम तुटतो. डिस्कची वायर काढून डीव्हीआर लावा. तसा तो सुरळीत चालला तर अॅडॅप्टर तेवढ्याच व्होल्टचा आणि निदान तेवढ्याच अँपिअरचा नवा लावून बघा. तरी तेच झालं तर डिस्क गेली. डिस्कमधून टक-टक आवाज येत असेल तर तिच्यावर काही प्रयोग करू नका, विशेषतः आत हवं असलेलं चित्रण असेल तर.

एखादा कॅमेरा रात्री गायब होतो आणि उजाडताच परत येतो, ही तक्रार मी सगळ्यात जास्त ऐकली. लोकांना त्यात भुताटकी वाटते. रात्री कॅमेऱ्याचे इन्फ्रारेड दिवे लागतात आणि त्याला जास्त वीज लागते. वायर बारीक किंवा सांधा गंजलेला असेल तर ती पोचत नाही. काळोख झाल्यावर कॅमेऱ्याच्या टोकाला मल्टिमीटर लावा. ११ व्होल्टच्या खाली आकडा आला तर डीव्हीआरला दोष देऊ नका, सांधा बदला किंवा त्या कॅमेऱ्याजवळ वेगळा अॅडॅप्टर द्या.

‘व्हिडिओ लॉस’ दिसला तर अदलाबदल करा. चालणाऱ्या कॅमेऱ्याची वायर बंद पडलेल्या सॉकेटमध्ये आणि बंदची चालणाऱ्यात. बिघाड वायरीबरोबर सरकला तर दोष वायरीचा किंवा कॅमेऱ्याचा, जागेवरच राहिला तर डीव्हीआरच्या सॉकेटचा. या एका युक्तीने मेकॅनिकच्या निम्म्या फेऱ्या वाचतात. चित्रावर आडव्या लाटा सरकत असतील तर कॅमेऱ्याची वायर विजेच्या वायरीला चिकटून गेली आहे का किंवा अर्थिंग सदोष आहे का, ते बघा. आणि रात्रीचं चित्र धुक्यासारखं पांढरं दिसत असेल तर काही बिघडलेलं नाही, काचेवर मीठ बसलं आहे. गोड्या पाण्याने भिजवलेल्या मऊ फडक्याने पुसा. सुकं फडकं घासलंत तर काचेवर कायमचे ओरखडे.

मुंबईहून फोनवर दिसायचं अचानक बंद झालं तर विचारा, राउटर बदलला का? बीएसएनएलचा जाऊन दुसऱ्या कंपनीचा आला की घरातल्या आयपी पत्त्यांची मालिका बदलते. जिओ फायबरचा राउटर १९२.१६८.२९ने सुरू होणारे पत्ते वाटतो, आणि डीव्हीआरमध्ये १९२.१६८.१चा पत्ता कायमचा टाकलेला असतो. दोघे एकाच घरात राहून एकमेकांना ओळखत नाहीत. नेटवर्कच्या मेनूत डीएचसीपी चालू करा, म्हणजे डीव्हीआर राउटरकडून आपणच पत्ता घेतो, आणि बहुतेक वेळा पाच मिनिटांत चित्र येतं. फोनवर बघताना ‘सबस्ट्रीम’ निवडा, म्हणजे कमी नेटवर्कमध्येही चालतं.

डीव्हीआर ‘इनिशियलाइज’ किंवा ‘फॉरमॅट’ करू का विचारत असेल आणि आतलं चित्रण हवं असेल, तर ‘नाही’ म्हणा. डिस्क काढून संगणकाला लावली तर विंडोजही हेच विचारतं, कारण डीव्हीआरची लिहिण्याची पद्धत त्याला वाचता येत नाही. तिथेही ‘नाही’च.

घड्याळ, पासवर्ड आणि कोर्ट

डीव्हीआरचं घड्याळ चुकणं हा बिघाड कुणी बिघाड मानत नाही, आणि नुकसान मात्र त्यानेच सगळ्यात जास्त होतं. जालना विधानसभेच्या २०१४च्या निवडणुकीचा खटला आठवा. निवडून आलेल्या अर्जुन खोतकरांचा उमेदवारी अर्ज दुपारी तीनच्या मुदतीत आला की नंतर, हा मुख्य वाद होता. निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयात लावलेल्या व्हिडिओ कॅमेऱ्यांच्या चित्रणाचा आधार घेत उच्च न्यायालयाने २०१७मध्ये त्यांची निवड रद्द केली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, आणि अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलाश कुशनराव गोरंट्याल या १४ जुलै २०२०च्या निकालात न्यायालयाने नियम पक्का केला: मूळ यंत्र हजर न करता चित्रणाची नक्कल देणार असाल तर प्रमाणपत्र हवंच. १ जुलै २०२४पासून भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३मध्ये ही तरतूद आहे. प्रमाणपत्राचे दोन भाग असतात, एक यंत्र ज्याच्या ताब्यात आहे त्याचा आणि दुसरा तज्ज्ञाचा, आणि त्यात फाइलचा ‘हॅश’ लिहावा लागतो. हॅश म्हणजे फाइलचा अक्षर-आकड्यांचा ठसा. फाइलमध्ये तिळाएवढा बदल झाला तरी तो बदलतो.

तेव्हा मिनिटांना किंमत आहे. डीव्हीआरचा टाइम झोन जीएमटी अधिक ५:३० आहे ना, बघा. काही यंत्रं चीनच्या वेळेवर, म्हणजे अडीच तास पुढे, तशीच बसवलेली असतात. वीज गेल्यावर तारीख २००० सालात जात असेल तर आतला सीआर २०३२ हा बटणाएवढा सेल संपला आहे. इंटरनेट असेल तर एनटीपी चालू ठेवा, घड्याळ आपणच जुळत राहतं.

घटना घडलीच, तर घड्याळ दुरुस्त करायला जाऊ नका. आधी डीव्हीआरच्या पडद्यावरची वेळ आणि मोबाइलवरची वेळ एकाच फोटोत घ्या, म्हणजे फरक कायमचा नोंदला जातो. घटना दहा दिवसांपूर्वीची आणि डिस्क अकरा दिवसांत भरणारी असेल, तर आधी रेकॉर्डिंग थांबवा, नाहीतर उद्या ती पुसली जाईल. मग पेन ड्राइव्हवर मूळ स्वरूपात आणि प्लेअरसकट फाइल उतरवा. टीव्हीच्या पडद्याचा मोबाइलने काढलेला व्हिडिओ गावच्या ग्रुपवर फिरवायला चालतो, कोर्टात नाही. आणि ग्रुपवरही फिरवू नका, चोर सावध होतो. पोलिसांनी डीव्हीआर ताब्यात घेतला तर पंचनाम्यात त्याचा सिरियल नंबर आला आहे का, ते बघा.

पासवर्डचं थोडक्यात सांगतो. ऑक्टोबर २०१६मध्ये मिराई नावाच्या व्हायरसने जगभरचे कॅमेरे आणि डीव्हीआर ताब्यात घेतले आणि त्यांच्याकरवी डाइन या इंटरनेट कंपनीवर हल्ला चढवला. ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या सेवा काही तास कोलमडल्या. मिराईला कुठलीही विद्या लागली नव्हती, कंपनीने दिलेले मूळ पासवर्ड लोकांनी बदलले नव्हते, एवढंच. तुमचा ‘अॅडमिन’ आणि ‘१२३४५’ आजच बदला. आपल्याकडे उलटा त्रासही फार आहे. पासवर्ड फक्त बसवणाऱ्याला माहीत, आणि तो गोव्याला कामाला गेलेला. अॅपवरही यंत्र त्याच्याच खात्याला बांधलेलं, त्यामुळे तुमच्या फोनवर जोडलंच जात नाही. म्हणून बसवताना समोर बसा. खातं तुमच्या मोबाइल नंबरवर, रिसेटसाठी ईमेल तुमचा, आणि पासवर्ड बिलाच्या मागे लिहून कपाटात. मुंबईच्या भावंडांना फक्त बघण्याचा वेगळा युजर करून द्या.

होमस्टे आणि स्कूबा केंद्रवाल्यांना एक कळकळीचं सांगणं आहे. खोलीत, न्हाणीघराकडे किंवा कपडे बदलायच्या आडोशाकडे कॅमेऱ्याचं तोंड चुकूनही नको. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ ईखाली खाजगी अंगांचं असं चित्रण करणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद किंवा २ लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. आणि कायदा नसता तरी पाहुण्याचा विश्वास मोडणं आपल्या गावाला शोभत नाही. शेजाऱ्याच्या खळ्याकडेही नको, मेनूत ‘प्रायव्हसी मास्क’ असतो, तो लावा.

या वर्षी गणपती पोचवून झाले की परतीची गाडी पकडण्याआधी अर्धा तास डीव्हीआरसाठी काढा. बीपचा आवाज आणि हार्ड डिस्क एररची सूचना चालू आहे का, घड्याळ बरोबर आहे का ते बघा, आणि गेल्या मंगळवारची पहाटे तीनची चित्रं उघडा. ती दिसली तर कुलूप लावा.